बापच सावकार निघतो तेव्हा

कंजूष माणसाचे किस्से कोणत्या भाषेत नाहीत? अरबी गद्याचा बादशहा जाहिझ याने नवव्या शतकात 'किताबुल बुखला' हा अख्खा ग्रंथच कंजूषांवर लिहिला. आपल्याकडेही गावात असा एखादा चिक्कू इसम असतोच आणि त्याच्या नावावर खरेखोटे किस्से जमा होत राहतात. या किस्स्यांतला कंजूष बहुधा एकटा असतो. तो पाहुण्याला चुकवतो, दिव्याची वात खाली करतो, स्वतःच्याच पोटाला चिमटा घेतो. आपण हसतो आणि घरी जातो. त्याच्या घरात आणखी कोण राहते, त्याची मुले वयात आल्यावर त्यांचे काय होते, हे किस्सा विचारत नाही.

फ्रेंच नाटककार मोलिएरने ते विचारले. ९ सप्टेंबर १६६८ रोजी पॅरिसच्या पाले-रोयाल नाट्यगृहात त्याचे 'लाव्हार', म्हणजे 'कंजूष', हे पाच अंकी गद्य नाटक प्रथम रंगले आणि त्यात आर्पागों या कंजूष बापाची भूमिका त्याने स्वतः केली. मराठी माणसाला मोलिएर परका नाही. हरिभाऊ आपट्यांनी त्याचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' केले, देवलांच्या 'संशयकल्लोळ'चे मूळही इंग्रजीच्या वाटेने त्याच्याचपर्यंत जाते, आणि 'लाव्हार' तर अत्र्यांनी 'कवडीचुंबक' या नावाने मराठीत आणले. पण या ओळखीचा एक तोटा झाला, असे आम्हाला वाटते. मोलिएर म्हणजे हसवणूक, फार्स, गोंधळ आणि पळापळ अशी आपली समजूत पक्की झाली. 'लाव्हार' वाचताना हसू येतेच. परंतु त्या हसण्याखाली एक घर उद्ध्वस्त होत असते, आणि आम्हाला बोलायचे आहे ते त्या घराविषयी.

कथानक थोडक्यात असे. साठी उलटलेला आर्पागों विधुर आहे. त्याला क्लेआंत हा मुलगा आणि एलीझ ही मुलगी. क्लेआंतचे शेजारच्या गरीब घरातल्या मारियानवर प्रेम आहे. एलीझचे व्हालेरवर आहे, आणि तिच्या सहवासासाठी हा व्हालेर आर्पागोंचा कारभारी बनून घरात शिरला आहे. बापाच्या डोक्यात मात्र तीन लग्नांचा वेगळाच हिशेब आहे. मारियानशी तो स्वतः लग्न करणार, मुलाला एका विधवेच्या गळ्यात बांधणार आणि मुलीला पन्नाशीच्या आन्सेल्मला देणार. बागेत पुरलेल्या पेटीत त्याची दहा हजार एक्यू किमतीची सोन्याची नाणी आहेत, आणि त्याचा जीव चोवीस तास त्या पेटीभोवती घोटाळतो.

हा पेटीचा विषय मोलिएरने प्लॉटस या प्राचीन रोमन नाटककाराकडून घेतला. प्लॉटसच्या नाटकातला युक्लिओ हा गरीब म्हातारा आहे. त्याला अचानक सोन्याचे मडके सापडते आणि त्याची झोप उडते. त्याला मुलगी आहे, मुलगा नाही. मोलिएरने दोन बदल केले. म्हाताऱ्याला श्रीमंत केले आणि त्याला एक मुलगा दिला. पहिल्या बदलाने कंजूषपणाची सबब गेली. आर्पागोंकडे बग्गी आहे, घोडे आहेत, नोकरचाकर आहेत. दारिद्र्याच्या भीतीने तो असा झाला, असे म्हणायला जागाच उरली नाही. दुसऱ्या बदलाने घरात वारस आला, आणि वारस म्हणजे बापाच्या मरणानंतरचा मालक. नाटकाचा खरा विस्तव इथे आहे.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा कर्जाचा प्रवेश आमच्या मते नाटकाचा गाभा आहे. क्लेआंतला पंधरा हजार फ्रँक हवे आहेत. सिमों नावाचा दलाल एका सावकाराकडून अटी घेऊन आला आहे, सावकाराचे नाव मात्र गुप्त आहे. अटी सभ्य भाषेत सुरू होतात. कर्जदार सज्ञान असावा, लिखापढी चोख व्हावी, व्याज अठराला एक. तेव्हाच्या रिवाजात हे वाजवीच म्हणायचे. मग हळूच पुढचे कलम येते. सावकाराजवळ एवढी रक्कम नाही, त्याला ती दुसऱ्याकडून पाचाला एक या दराने उचलावी लागेल, तेव्हा तेही व्याज कर्जदारानेच सोसावे. दोन्ही मिळून दर शेकडा पंचवीसच्या वर जातो. एवढ्यावर भागत नाही. पंधरा हजारांपैकी रोख बाराच हजार मिळणार, उरलेल्या तीन हजारांचा माल घ्यावा लागणार. तो माल कोणता? एक जुना पलंग, एका जुन्या प्रेमकथेची चित्रे विणलेला भिंतीवरचा पडदा, मोठ्या बंदुका, अर्क काढण्याची विटांची भट्टी, जवळजवळ सगळ्या तारा शाबूत असलेले एक तंतुवाद्य आणि छताला टांगण्यासाठी गवत भरलेले साडेतीन फुटी सरड्याचे कातडे. क्लेआंतच्या अंदाजाने सगळ्या अडगळीचे सहाशे फ्रँकही येणार नाहीत.

सूद या शब्दाला आपल्या वाचकांच्या कानी जो भार आहे, त्यामुळे हा प्रवेश आपल्याला अधिक बोचेल. पण मोलिएर व्याजावर प्रवचन देत नाही. तो फक्त यादी वाचायला लावतो. ते सरड्याचे कातडे ऐकून प्रेक्षक हसतो, आणि कर्जाच्या नावाखाली माणसाला कसे सोलले जाते हे त्याला कळून चुकते. खेड्यापाड्यांत सावकारी पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

यानंतर दलाल सावकाराला कर्जदाराची माहिती देतो. मुलगा मोठ्या घरचा आहे, आई आधीच वारली आहे, आणि हवे असल्यास बापही आठ महिन्यांच्या आत मरेल याची तो हमी घेईल! सावकाराला ही हमी पसंत पडते. शक्य तेव्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हा धर्मच आहे, अशा अर्थाचे काही तो बोलतो. इतक्यात कर्जदार आणि सावकार समोरासमोर येतात. सावकार आहे बाप आणि कर्जदार आहे मुलगा. ज्याच्या मरणाची हमी दिली जात होती आणि ज्याने ती खुशीने स्वीकारली, तो एकच माणूस. लोभामुळे नाती तुटतात, हे वाक्य आपण हजारदा ऐकले आहे. मोलिएरने ते एका व्यवहारात बसवून दाखवले. बाप नफ्यासाठी स्वतःचेच मरण तारण म्हणून घेतो आणि ते स्वतःचे आहे हे त्याला ठाऊकही नसते. पुरलेल्या पेटीत तीस हजारांचे सोने आहे. मुलाची सगळी गरज त्यातल्या निम्म्यात भागली असती.

दोघे मग एकमेकांना लाज आणू पाहतात. कर्ज काढून घराणे बुडवतोस म्हणून बाप ओरडतो. गरजेपोटी कर्ज घेणारा मोठा गुन्हेगार की गरज नसताना दुसऱ्याला लुबाडणारा, असे मुलगा विचारतो. बाप उत्तर देत नाही. मुलाला हाकलून तो मनाशी ठरवतो की यापुढे पोरावर जास्त नजर ठेवली पाहिजे. पश्चात्तापाची जागा पहाऱ्याने घेतली.

या घरात एक जागा रिकामी आहे, तिकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले आम्हाला दिसत नाही. ती जागा आईची. ती नाटक सुरू होण्यापूर्वीच वारली आहे आणि तिचा उल्लेख ओझरता येतो. एलीझ भावाला म्हणते की बापाच्या वागण्याने आईच्या जाण्याचे दुःख दररोज वाढतेच आहे. क्लेआंत तिचे नाव काढतो ते कर्जाच्या प्रवेशात. आई वारली असल्याने तिच्याकडून येणारा वाटा आपल्याकडून कोणी हिरावू शकत नाही, हा त्याचा सावकारापुढचा आधार आहे. बहिणीच्या तोंडी आई म्हणजे माया, भावाच्या तोंडी तीच आई म्हणजे पत. क्लेआंत दुष्ट नाही, त्याला आम्ही दोषही देत नाही. ज्या घरात प्रत्येक गोष्टीची किंमत विचारली जाते, तिथे मेलेल्या आईचीही विचारली जाते, इतकेच.

त्या काळचा फ्रेंच कायदा ध्यानात घेतला तर मुलांची कोंडी नीट समजते. १५५६ च्या राजाज्ञेप्रमाणे तीस वर्षांखालील मुलाने किंवा पंचवीस वर्षांखालील मुलीने आईबापांच्या संमतीशिवाय लग्न केले, तर त्यांना वारसाहक्कातून काढता येत असे. म्हणजे बापाच्या हाती दोन चाव्या होत्या, लग्नाची आणि तिजोरीची. आर्पागों दोन्ही एकाच जुडग्यात बाळगतो.

आता हुंड्याविषयी. या ठिकाणी भारतीय वाचकाने जरा थांबायला हवे. आन्सेल्म एलीझला हुंड्याशिवाय करून घ्यायला तयार आहे, म्हणून आर्पागोंला हे स्थळ सोडवत नाही. व्हालेर आडून आडून एकेक मुद्दा पुढे करतो. वयातले अंतर फार आहे, मुलीचे मन पाहायला हवे, हा जन्माचा प्रश्न आहे. प्रत्येक मुद्द्यावर आर्पागोंचे उत्तर एकच, की तो हुंडा मागत नाही. पुढे तर व्हालेरच हार मानून तेच उत्तर स्वतः म्हणू लागतो. फ्रेंच प्रेक्षक इथे पोट धरून हसतो. आपल्याकडे मुलीचा बाप हुंड्यापायी, जहेजपायी घरदार विकतो, आणि बिनहुंड्याचे लग्न हे सुधारकांचे ब्रीद आहे. म्हणून आपला प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. हा म्हातारा तर चांगलेच बोलतो आहे!

हा गोंधळ आम्हाला मोलाचा वाटतो. हुंडा न देणे चांगले, हे खरेच. पण आर्पागोंच्या घरी हुंडा वाचतो आणि मुलगी तरीही विकली जाते, फक्त स्वस्तात. तिला कोणी विचारत नाही. चांगल्या रिवाजाच्या आडून वाईट हेतू कसा सुखाने नांदतो, याचा इतका नेमका नमुना आम्हाला दुसरीकडे आढळला नाही. निकाहात मुलीची रजामंदी लागते, हे आपण अभिमानाने सांगतो. ती घरात कशी मिळवली जाते, याची चर्चा आपण कमी करतो. एलीझ बापासमोर अदबीने झुकून नकार देते. बाप तितक्याच अदबीने झुकून सांगतो की लग्न आज संध्याकाळीच होईल. रंगभूमीवर ही झुकाझुकी अतिशय गमतीची दिसते.

लोभाचा आणखी एक परिणाम मोलिएरने टिपला आहे. या घरात सगळ्यांना खोटे बोलावे लागते. व्हालेर तर खोट्या ओळखीवरच जगतो आहे आणि मालकाची हांजीहांजी करून टिकला आहे. क्लेआंत आपले प्रेम लपवतो. लग्न जुळवणारी फ्रोझीन आर्पागोंला पटवते की मारियान वर्षाला बारा हजारांची कमाई आणेल. कशी? ती खाण्यावर तीन हजार, कपड्यांवर चार हजार आणि जुगारावर पाच हजार खर्च करणार नाही म्हणून! आर्पागोंसारखा हिशेबी माणूस मात्र जे हाती येत नाही त्याची पावती द्यायला तयार होत नाही. या जागी आम्हाला त्याचे कौतुकच वाटते.

या सगळ्यात स्वयंपाकी आणि गाडीवान अशी दोन्ही कामे एकट्याने करणारा मेत्र झाक हा एकच माणूस खरे बोलतो. लोक तुमच्याविषयी काय म्हणतात, असे मालक विचारतो आणि झाक सांगून टाकतो. उपासाचे दिवस वाढावेत म्हणून तुम्ही वेगळे पंचांग छापून घेता, रात्री तबेल्यात शिरून स्वतःच्याच घोड्यांचा दाणा चोरता, असे लोक बोलतात. याबद्दल त्याला मालकाच्या काठीचा मार बसतो आणि थोड्याच वेळाने व्हालेरकडूनही. तेव्हा तो ठरवतो की प्रामाणिकपणाचा धंदा आता पुरे. चौथ्या अंकात तो बापलेकांत समेट करायला जातो आणि दोघांनाही खोटेच सांगतो की समोरच्याने माघार घेतली. पाचव्या अंकात तो व्हालेरवर चोरीचा आळ घेतो. एका साध्या नोकराची ही घसरण मोलिएरने विनोदाच्या ओघात दाखवली आहे. मुलांचेही तेच होत असणार, हे आपण समजून घ्यायचे.

चौथ्या अंकातला बापलेकांचा सामना हा या नाटकावरच्या जुन्या वादाचा विषय आहे. मारियानला सोडायला क्लेआंत तयार नाही. बाप त्याला घराबाहेर काढतो, वारशातून काढतो आणि अखेर शाप देतो. मुलगा उलटून सांगतो की तुमची देणगी मला नको. रूसोने १७५८ साली दालाँबेरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात यावर कडक आक्षेप घेतला. कंजूषपणा आणि व्याजखोरी हे दुर्गुण खरेच, पण बापाला लुटणे, त्याचा अपमान करणे, त्याच्या शापावर कोटी करणे हा त्याहून मोठा दुर्गुण नव्हे काय, आणि ज्या नाटकात असा मुलगा आपल्याला आवडतो ते नाटक नीती बिघडवणारे नव्हे काय, असा त्याचा सवाल होता.

हा सवाल आमच्या वाचकांनी हसण्यावारी नेऊ नये. आईबापांपुढे आवाज चढवणेही जिथे बेअदबी मानली जाते, अशा घरांत आपण वाढलो. तो प्रवेश वाचताना आमच्याही कपाळावर आठी पडते. तरी रूसोचा निकाल आम्हाला मान्य नाही. मोलिएर मुलाचे कौतुक करत नाही. शापालाही 'देणगी' म्हणावे लागते, कारण या बापाने मुलाला आजवर दुसरे काही दिलेलेच नाही. त्या उत्तरात उद्धटपणा आहे, आणि वर्षानुवर्षांचा हिशेबही आहे. जर्मन कवी गटे याला हे रूसोपेक्षा चांगले उमगले होते. १८२५ मध्ये एकरमानशी बोलताना तो म्हणाला होता की बाप आणि मुलगा यांच्यातला सारा आदर दुर्गुणाने नष्ट होतो, म्हणून हे नाटक मोठे आहे आणि उच्च अर्थाने शोकात्म आहे. काही जर्मन रूपांतरांत मुलाऐवजी दूरचा नातेवाईक घातला जाई. त्याने नाटकाचा कणाच मोडतो, अशी त्याची तक्रार होती. ती आम्हाला पूर्ण पटते.

मोलिएरच्या आयुष्यातले दोन दाखले इथे सांगण्यासारखे आहेत. त्याची आई तो दहा वर्षांचा असताना, १६३२ मध्ये वारली. बाप राजाच्या पदरी पडदे-बैठकांचे काम पाहणारा प्रतिष्ठित कारागीर होता. १६४३ मध्ये मुलाने बापाचा धंदा नाकारला आणि सहाशे तीस लिव्र उचलून नाटकाची वाट धरली. ही रक्कम आईच्या वारशातली आणि बापाच्या भावी वारशावरची उचल अशी होती. दोन वर्षांत त्याला नाटक कंपनीच्या कर्जापायी तुरुंग पाहावा लागला. क्लेआंतच्या बोलण्यातला आईचा वाटा आणि सावकाराच्या अटी त्याला पुस्तकातून शिकाव्या लागल्या नव्हत्या. दुसरा दाखला अधिक विलक्षण आहे. १६६८ मध्ये, म्हणजे 'लाव्हार'च्याच वर्षी, त्याने म्हाताऱ्या बापाला दहा हजार लिव्र कर्जाऊ दिले, पण स्वतःच्या नावाने नव्हे. रोओ या विद्वान मित्राचे नाव पुढे केले. नाटकात नाव लपवून मुलाला कर्ज देणारा बाप, आणि नाटकाबाहेर नाव लपवून बापाला कर्ज देणारा मुलगा! बाप पुढच्याच वर्षी वारला. त्याची अब्रू राखण्यासाठी मोलिएरने हे केले असावे, असा आमचा कयास आहे.

लोभ आणि घर हा विषय फ्रेंच विनोदी रंगभूमीने पुढेही सोडला नाही. मोलिएरच्याच १६७३ च्या शेवटच्या नाटकात आजाराचे वेड घेतलेला आर्गां मेल्याचे सोंग करतो. त्याची दुसरी बायको खूश होऊन पैशांकडे धावते आणि मुलगी रडू लागते. तिथे निदान सोंगातून एका बापाला आपली मुलगी सापडली. १७०८ मध्ये रेन्यारने 'सर्वस्वाचा वारस' या नाटकात मरणाच्या दारातल्या श्रीमंत काकाच्या जागी नोकराला निजवून खोटे मृत्युपत्रच करवून घेतले, आणि वर काकाच्या गळी उतरवले की बेशुद्धीत ते तुम्हीच केलेत. रेन्यार हसवतो झकास, पण त्याच्या घरात कोणाचे कोणावाचून अडत नाही. म्हणून ते हसू नाटकगृहाच्या दारातच संपते.

'लाव्हार'चे हसू मात्र घशात अडकते. पेटी चोरीला गेल्यावर आर्पागों एकटाच धावत येतो, चोर म्हणून स्वतःचाच हात धरतो, प्रेक्षकांकडे बोट दाखवून यांच्यात चोर आहे म्हणतो, सगळ्यांना फाशी द्या म्हणतो आणि पैसे सापडले नाहीत तर स्वतःलाही. मग व्हालेर एलीझवरच्या प्रेमाची कबुली देतो आणि आर्पागों ती पेटीच्या चोरीची कबुली समजतो. मुलगी आणि पेटी यांच्यासाठी तीच भाषा दोघांना बराच वेळ पुरते! एकदा बुडताना आपल्याला व्हालेरने वाचवले होते, असे एलीझ बापाला सांगते. त्याने हे जे केले त्यापेक्षा तुला बुडू दिले असते तर बरे झाले असते, असे बाप तिला ऐकवतो. हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचे, हे प्रत्येक नटाला ठरवावे लागते. हसवण्याच्या सुरात ते म्हणता येते, पण आमच्या मते तसे म्हणू नये.

हे घर आपल्या अंगणात आले तर कसे दिसेल, याची कल्पना उर्दू रंगभूमीने देऊन ठेवली आहे. हजरत आवारा यांच्या 'कंजूस' या रूपांतरात बापाचे नाव आहे मिर्झा सखावत बेग. सखावत म्हणजे दानशूरपणा. एवढ्या एका नावात अर्धी समीक्षा आली. त्याआधी कितीतरी वर्षे, १८४७ मध्ये, बैरूतच्या मारून नक्काशने याच नाटकापासून प्रेरणा घेऊन 'अल-बखील' लिहिले आणि अरबी भाषेत आधुनिक नाटकाची सुरुवात केली. जाहिझच्या भाषेला तिचे पहिले आधुनिक नाटक कंजूषावर मिळावे, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

नाटकाचा शेवट ओढूनताणून केला आहे, अशी तक्रार जुनी आहे. आन्सेल्म येतो आणि बोलता बोलता उघड होते की सोळा वर्षांपूर्वी जहाज फुटून हरवलेली व्हालेर आणि मारियान ही त्याचीच मुले आहेत. हे खरे वाटत नाही, हे मान्य. पण दुसरा कोणता शेवट शक्य होता? या घरातल्या कोणाजवळ घर सावरण्याचे बळ उरले नव्हते. बाहेरून दुसरा, श्रीमंत आणि मायाळू बाप आणावाच लागला. आणि तोही काय करतो? दोन्ही लग्नांचा खर्च उचलतो, आर्पागोंला लग्नात घालायला नवा पोशाख शिवून द्यायचे कबूल करतो, चौकशीला आलेल्या अंमलदाराचे पैसेही भरतो. बापाची संमती विकतच घ्यावी लागते. क्लेआंतलाही मारियान मिळते ती पेटीच्या बदल्यात. कोणी कोणाची क्षमा मागत नाही, बाप शाप मागे घेत नाही, मुलगाही पाया पडत नाही. मोलिएरने मनोमीलनाचा एक गोड प्रवेश घातला असता तर प्रेक्षक खूश झाला असता. तो त्याने घातला नाही.

आन्सेल्म आपल्या मुलांना घेऊन त्यांच्या आईला ही आनंदाची बातमी सांगायला निघतो. नाटकातली हयात असलेली आई हीच एक. आर्पागों आपल्या पेटीला भेटायला निघतो. क्लेआंत आणि एलीझ कोणाबरोबर जातात, ते दिग्दर्शकाने ठरवायचे. बापाने त्यांना हाक मारल्याचे संहितेत नाही.